तोरणमाळच्या वाटेवर पाहुण्यासारखं चालू या

घरात कामं चालू असतील, हात पिठात असतील, तर असू द्या. कान तेवढे इकडे ठेवा.

आम्ही शहाद्याच्या अकरा मैत्रिणी. कुणी शाळेत शिकवते, कुणी अंगणवाडीत आहे, कुणाचं शिवणकाम आहे, तर तिघी-चौघी घर आणि शेत सांभाळतात. वर्षातून दोनदा आम्ही तोरणमाळला पायी फिरायला जातो. एकदा पावसाळा सरता सरता आणि एकदा थंडीत. पहिल्यांदा निघालो तेव्हा घरच्यांनी विचारलं, "डोंगरात काय ठेवलंय?" आता तेच विचारतात, "यंदा कधी जाताय?" कारण परत आलो की महिनाभर आमचा सूर चांगला असतो, हे त्यांनाही कळलंय.

आज मात्र आम्ही सहलीच्या गमती सांगायला आलेलो नाही. डोंगरात कसं जावं, कसं वागावं आणि कसं परत यावं, यावर बोलणार आहोत. आम्ही हे कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही. चुका करून शिकलो. त्यातली सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, म्हणजे बाकीचं का सांगतोय ते कळेल.

तोरणमाळ आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे. शहाद्याहून म्हसावद, मग राणीपूर, आणि पुढे घाट. सात पायरीची वळणं चढून वर गेलं की उन्हाळ्यातही हवा बदलते. समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंचीवर हे पठार आहे. यशवंत तलाव, कमळांचा तलाव, गोरखनाथांचं मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुंफा, खडकी पॉइंट आणि ती खोल सीताखाई. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून, गुजरातेतून माणसं येतात. म्हणजे तोरणमाळला पायी चालत येणं ही काही आजची नवी हौस नाही. आपल्या आज्यापणज्या पायीच आल्या असतील. फरक एवढाच, की त्यांच्या गाठोड्यात फडक्यात बांधलेली भाकरी असायची आणि आमच्या पिशवीत वीस रंगीबेरंगी पाकिटं होती.

तर, आमची ती पहिली सहल. डिसेंबरचे दिवस. तलावापासून लांब, एका पाड्याच्या वरच्या अंगाला नाल्याकाठी आम्ही बसलो. तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या, खिचडी टाकली. गाणी म्हटली, फोटो काढले. जेवण झालं आणि सवयीप्रमाणे सगळ्या जणी भांडी घेऊन नाल्यात उतरलो. पावडर सोबत होतीच. घासून, विसळून भांडी लख्ख केली. हातपाय धुतले, एकीने तर ओढणीही खळबळून घेतली.

तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष गेलं. खाली शे-सव्वाशे पावलांवर एक मावशी बसल्या होत्या. नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा केलेला होता. त्याला आपल्याकडे झिरा म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. वाळूतून गाळून पाणी हळूहळू वर येतं आणि वाटी-वाटीने ते हंड्यात भरतात. मावशींचा एक हंडा भरला होता, दुसरा अर्धा झाला होता. आणि आमचा फेस वाहत वाहत त्यांच्या झिऱ्यापर्यंत पोचला होता.

त्या भांडल्या नाहीत. उठल्या, वर आल्या आणि त्यांच्या तुटक मराठीत म्हणाल्या, "बाई, आम्ही हेच पितो." एवढंच. मग खाली गेल्या, अर्धा हंडा ओतून दिला, भरलेला कडेला ठेवला आणि रिकामा घेऊन दुसऱ्या झिऱ्याकडे निघाल्या. आमच्यातल्या दोघी लाजेने त्यांच्यामागे गेल्या. तो दुसरा झिरा उताराखाली होता. जाऊन, भरून, चढून यायला पाऊण तास लागला. हंडा आम्ही घेतो म्हटलं, तर मावशींनी दिला नाही. "तुम्ही पडाल," म्हणाल्या. आणि खरं होतं ते. रिकाम्या हातांनी चढतानाही आम्हाला धाप लागली होती.

त्या दिवशी परतीच्या गाडीत कुणी गाणी म्हटली नाहीत. आम्ही एका दिवसाच्या गमतीसाठी तिथे गेलो होतो आणि एका बाईचा पाऊण तास आणि एक हंडा पाणी वाया घालवून आलो होतो. बरं, त्या तिथे नसत्या तर आम्हाला कधी कळलंही नसतं. आम्ही "काय छान जागा आहे" म्हणत घरी आलो असतो.

म्हणून मैत्रिणींनो, पहिली गोष्ट पाण्याची.

सातपुड्याचा हा भाग काळ्या पाषाणाचा आहे. वर मातीचा थर पातळ. पावसाळ्यात पाणी धो धो वाहून जातं. जे थोडं फटींतून खाली मुरतं, तेच पुढे झऱ्यांतून आणि झिऱ्यांतून मिळतं. डोंगरात तुम्हाला एखादा नाला दिसला, तर असं समजा की खाली कुठेतरी तो कुणाचं तरी पिण्याचं पाणी आहे. माणसाचं नसेल तर गुरांचं, तेही नसेल तर रानातल्या जिवांचं. त्यामुळे नाल्यात, तलावात, झऱ्यात साबण, शाम्पू, भांड्यांची पावडर घालायची नाही. "नैसर्गिक" लिहिलेला साबणही नाही. हात धुवायचेच असतील, तर तांब्याभर पाणी काढून घ्यायचं, काठापासून साठ-सत्तर पावलं लांब जायचं आणि तिथे मातीवर धुवायचे. माती पाणी गाळते, नाला गाळत नाही.

भांड्यांचं आम्ही सोपं केलं. तिथे भांडी धुतच नाही. प्रत्येकीचा स्टीलचा डबा. जेवण झालं की कागदाने किंवा फडक्याने पुसून झाकण लावायचं, घरी येऊन घासायचं. आणि स्वयंपाकही तिथे करत नाही. आपल्या खानदेशात प्रवासाचं खाणं काय कमी आहे? दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. पाकिटातल्या कुठल्याही खाण्यापेक्षा पोटाला आधार जास्त. पाण्यासाठी एकीने सासूबाईंचा फिरकीचा तांब्या माळ्यावरून काढला, बाकीच्यांनी स्टीलच्या बाटल्या घेतल्या. त्यामुळे प्लॅस्टिकच्या बाटलीचा प्रश्नच मिटला.

आता दुसरी गोष्ट, कचऱ्याची. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्मोकोलच्या ताटल्या यांवर बंदी आली. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या बऱ्याच वस्तूंवर देशभर बंदी झाली. पण कायदा घाट चढून प्रत्येक झुडपामागे उभा राहू शकत नाही. कुरकुऱ्याचं पाकीट, गुटख्याची पुडी, पाण्याची बाटली, हे सगळं अजून सीताखाईच्या कड्यावरून खाली जातं. वरून दिसत नाही म्हणून संपलं असं वाटतं. ते संपत नाही. पावसात वाहून नाल्यात येतं, नाल्यातून शेतात येतं. मीठ-तेलाचा वास लागलेली पिशवी शेळी खाते, गाय खाते. पोटात गोळा होतो आणि जनावर हळूहळू खंगतं. आपल्या घरची म्हैस एक दिवस दूध देईना तर आपल्याला किती घोर लागतो! पाड्यावरच्या बाईची शेळी म्हणजे तिची बँक असते. मुलाचं आजारपण आलं, लग्न निघालं की तीच विकायची.

आमचा नियम साधा आहे. जे नेलं ते परत आणायचं. सगळं. संत्र्याची सालं, अंड्याची टरफलंसुद्धा. "ते तर कुजणारंच आहे ना," असं आम्हीही म्हणायचो. पण साल तिथे महिनोन् महिने तशीच पडून राहते, आणि माणसांच्या खाण्याचा वास लागला की माकडं वाटेवर येऊन बसतात. मग ती पिशव्या ओढतात आणि आपणच म्हणतो, इथली माकडं फार मस्तवाल. त्यांना मस्तवाल केलं कुणी?

प्रत्येकीजवळ एक कापडी पिशवी फक्त कचऱ्याची. शिवाय एक रिकामं पोतं बरोबर असतं. वाटेवर दुसऱ्यांनी टाकलेलं जेवढं जमेल तेवढं उचलायचं. गेल्या थंडीत येताना दोन पोती भरली होती. ती वरच टाकून यायची नाहीत, खाली शहाद्यापर्यंत आणायची. कारण एवढा कचरा जिरवायची सोय वरच्या गावात कुठून असणार?

आता तिसरी गोष्ट. ही बोलायला जरा संकोच वाटतो, पण आपण बायकाच बोलणार नाही तर कोण बोलणार? डोंगरात शौचाला आणि लघवीला जायचं कुठे? बायका काय करतात, तर सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आम्हीही तेच करायचो. एकीला त्यामुळे उन्हात चक्कर आली, दुसरीला पुढे आठवडाभर लघवीची जळजळ. असं करू नका. पाणी भरपूर प्या. गावात जिथे सोय आहे तिथे निघण्याआधी जाऊन घ्या. रानात वेळ आली, तर पाण्यापासून आणि पायवाटेपासून किमान सत्तर पावलं दूर जायचं. सोबत एक छोटं खुरपं ठेवायचं. वीतभर खोल खड्डा करायचा आणि नंतर माती लोटून नीट बुजवायचा. मांजर जे करतं ते माणसाला करायला काय लाज? कागद वापरला तर तो तिथे टाकायचा नाही. दोघींनी मिळून जायचं, एकीने वाटेवर उभं राहायचं, ओढणीचा आडोसा करायचा.

आणि पाळीचं. पाळी आली म्हणून सहल रद्द करायची गरज नाही. पण वापरलेलं पॅड रानात फेकायचं नाही, पुरायचंही नाही. वासाने कोल्हं-कुत्रं उकरून काढतं, आणि त्यातलं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं तसंच राहतं. ते जाळायचंही नाही. आम्ही काय करतो? झाकणाचा एक डबा त्यासाठीच ठेवलाय. पॅड कागदात गुंडाळून डब्यात, डबा पिशवीत, पिशवी घरी. आमच्यातल्या तिघी आता कप वापरतात, दोघी शिवलेले कापडी पॅड. ज्याचं-त्याचं बघावं. पण पहिल्या वर्षी ज्या झुडपामागे आम्ही काहीतरी टाकून आलो होतो, त्याच झुडपापाशी दुसऱ्या वर्षी पाड्यावरच्या पोरी शेळ्या चारताना दिसल्या. त्या क्षणी आमच्या पोटात कसं झालं, ते सांगायला शब्द नाहीत.

चौथी गोष्ट विस्तवाची. फेब्रुवारीपासून मेपर्यंत सातपुड्याचं रान म्हणजे वाळलेला पाचोळा. सागाची पानं गळून पडलेली असतात, गवत करडं झालेलं असतं. एक काडी पुरते. तमिळनाडूत ११ मार्च २०१८ ला कुरंगणीच्या डोंगरात वणवा लागला, हे तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. डोंगर फिरायला गेलेली एक तुकडी त्या आगीत सापडली. त्यात बऱ्याच बाया होत्या. वीसहून जास्त जीव गेले. वणवा चढावर धावतो तेव्हा माणसाच्या पायांपेक्षा वेगाने धावतो. म्हणून उन्हाळ्यात रानात पायी भटकायचंच नाही, असं आम्ही ठरवलंय. आणि थंडीतही चूल पेटवत नाही. राखीव जंगलात विस्तव पेटवायला १९२७ च्या वन कायद्यानेही मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवा. आपण हौसेसाठी उचललेल्या काटक्या म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरच्या मोळीतल्या काटक्या असतात. तिला त्यासाठी आणखी एक टेकडी पार करावी लागते.

मोहाच्या झाडाखाली पाचोळा जाळतात, त्यामुळेही वणवे लागतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे, तसंही होतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं पडतात आणि ती वेचायला खाली साफ जमीन लागते. झाडाखाली झाडून घेतलं किंवा जुनी साडी अंथरली तर जाळावं लागत नाही, हे त्या बायका आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. आणि वणवा लागला तर नुकसान पहिलं त्यांचंच. मोह गेला, चारोळी गेली, टेंभुर्णीची पानं गेली, गुरांचा चारा गेला. आपला काय, फोटो गेला. तेव्हा त्यांना शिकवायला जाण्याआधी आपली सिगारेटवाली, शेकोटीवाली माणसं आवरू या. कुठे धूर दिसलाच तर गावात धावत सांगा, वनरक्षकाला सांगा. वन विभागाचा 'हॅलो फॉरेस्ट'चा क्रमांक १९२६ आहे. डोंगरात सगळीकडे फोन लागत नाही, म्हणून आधी माणसाला गाठा.

आता एका पाखराची गोष्ट सांगतो. ही आपल्या शहाद्याची गोष्ट आहे आणि ती आपल्या पोरांना माहीत हवी.

रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. पिंगळा आपण गावात पाहतो, हा त्याचाच रानातला भाऊबंद. दिवसाउजेडी फिरतो, झाडाच्या ढोलीत घर करतो, सरडे-उंदीर-किडे खातो. १८७३ मध्ये ह्यूम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची शास्त्रात नोंद केली. त्यानंतर आपल्या खानदेशातूनही त्याचे काही नमुने जमा झाले. १८८४ नंतर मात्र त्याचा खरा, खात्रीचा पुरावा कुठेच मिळेना. एका इंग्रजाने १९१४ मध्ये आपल्याला तो मिळाल्याचं लिहून ठेवलं होतं, पण पुढे तो नमुना चोरलेला आणि नोंद खोटी निघाली. लोकांनी धरून चाललं, की पाखरू संपलं. आणि मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे अमेरिकेहून शोधत आले. पूर्वेकडे बरेच दिवस फिरले, काही दिसलं नाही. शेवटी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला एका निष्पर्ण झाडावर, सकाळच्या उन्हात, हा पठ्ठ्या बसलेला! ११३ वर्षांनी. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पाहणी केली तेव्हा तोरणमाळच्या रानातही तो सापडला. मेळघाटात, मध्य प्रदेशात, तानसातही आढळला. आजही तो धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतच आहे.

हे आम्हाला कळलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. जगभरातून ज्याला शोधायला माणसं येतात, तो आपल्या घाटाच्या अलीकडे राहतो आणि आपण मोठ्याने स्पीकर लावून त्याच्याखालून जातो! तेव्हापासून आमच्या सहलीत स्पीकर बंद. गाणी गळ्याने म्हणायची, तीही मुक्कामाच्या जागी. पोकळ, वाळकं झाड दिसलं की लोकांना वाटतं हे निरुपयोगी, तोडा. पण ढोली असते ती जुन्या झाडातच. त्याच्याजवळ घुटमळायचं नाही, ढोलीत बॅटरी मारायची नाही, मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. तो आपल्याला दुसरा रानपिंगळा समजून भांडायला येतो, आणि घरटं उघडं पडतं. आम्ही त्याला अजून पाहिलेलं नाही. नाही दिसला तरी चालेल. तो आहे, एवढं पुरे.

पाचवी गोष्ट वाटेची. पायवाट सोडून आडवं चढायचा मोह सगळ्यांना होतो. पण पावसाळ्यानंतर उतारावर जे थोडं गवत-माती धरून असतं, ते आपल्या पायांनी सुटतं. पुढच्या पावसात तिथून ओघळ पडतो, त्याची घळ होते. म्हणून एकामागे एक चालायचं. सफेद मुसळी किंवा आणखी काही औषधी म्हणून मुळं उपटून आणायची नाहीत. फुलं, रोपटी, दगड घरी आणायची नाहीत. एकीने पहिल्या वर्षी कमळ आणलं होतं. घरी पोचेपर्यंत ते मान टाकून बसलं.

आणि पावसाळ्यात पाण्याशी मस्करी नको. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागे एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लेकरं होती. आपल्यावर ऊन असलं तरी वर कुठेतरी पाऊस पडलेला असतो आणि नाला क्षणात फुगतो. सीताखाईच्या कड्यावर, ओल्या शेवाळावर, फोटोसाठी एक पाऊल पुढे जायचं नाही. आपल्याला काही झालं तर खाईत उतरून आपल्याला वर कोण आणणार? तिथलीच माणसं. त्यांचा जीव काही स्वस्त नाही.

यावरूनच शेवटची गोष्ट येते आणि आमच्या मते ती सगळ्यात मोठी आहे. ज्या वाटेने आपण मौजेने चालतो, ती कुणाची तरी रोजची वाट आहे. अक्राणी तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना अजून धड रस्ता नाही. बाळंतिणीला, आजाऱ्याला बांबूला झोळी बांधून खांद्यावर आणावं लागतं. वर्तमानपत्रांनी त्याला 'बांबुलन्स' असं नावही दिलंय. वाचताना हसू येतं आणि मग गळा दाटून येतो. एकदा आम्हाला अशी झोळी वाटेत भेटली. पुढे दोघं, मागे दोघं, बरोबर एक म्हातारी. आम्ही वाटेत बसून खात होतो, सामान पसरलेलं होतं. त्यांना थांबावं लागलं. पाच-सात क्षणच थांबले असतील. पण ते आम्ही विसरलो नाही. आता वाटेत कधी बसत नाही, बाजूला सपाट जागा बघून बसतो. मोळीवाली, हंडेवाली, गुरं घेऊन जाणारी, यांना आधी वाट द्यायची. चढणारा असो की उतरणारा, डोक्यावर ओझं असणाऱ्याचा मान पहिला.

पाड्यात जाताना हाक मारून जायचं. आपल्या अंगणात कुणी न विचारता शिरून फोटो काढायला लागलं तर आपण काय म्हणू? भिल्ल, पावरा बायका होळीला चांदीचे दागिने घालतात, सुंदर दिसतात, म्हणून कुणीही त्यांच्यापुढे मोबाइल धरावा असं नाही. आधी विचारायचं. नाही म्हटलं तर हसून पुढे जायचं. वाघदेवाचं ठिकाण असेल, शेंदूर लावलेला दगड असेल, लाकडी खांब असेल, तिथे बसायचं नाही, चपला घालून जायचं नाही. आपल्या देवळात आपण जसं वागतो तसंच.

पोरांना चॉकलेटं वाटायची नाहीत. आम्ही वाटली होती. पुढच्या वेळी तीच पोरं गाडीमागे धावत आली आणि चॉकलेटचे कागद सगळीकडे. द्यायचंच असेल तर शाळेत शिक्षकांना विचारून वह्या-पुस्तकं द्या. आणि पैसे तिथल्या हातांत पडू द्या. वाट दाखवायला गावातला माणूस घ्या आणि त्याची मजुरी न घासाघीस करता द्या. आता आम्ही एका ताईंकडे आधी सांगून ठेवतो. मक्याची भाकरी, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा. चुलीवरचं ते जेवण घरी कितीही केलं तरी तसं होत नाही. येताना धडगावचा आमचूर घेतो, सीताफळं घेतो, चारोळी घेतो. आमचूरसाठी त्या बायका उन्हाळाभर कैऱ्या सोलतात, चकत्या करतात, उन्हात वाळवतात, राखण करतात. आपण मात्र दहा रुपयांसाठी तिच्याशी हुज्जत घालतो आणि दुकानात छापील किमतीला मुकाट्याने देतो. हे बरं नव्हे.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, अकरा बायकांनी पिशवीतून सालं परत आणली म्हणून सातपुडा वाचणार आहे का? हा प्रश्न आम्हालाही पडतो. नाही वाचणार. डोंगराचे प्रश्न मोठे आहेत. पाण्याचे आहेत, रस्त्याचे आहेत, रोजगाराचे आहेत. २००६ च्या वन हक्क कायद्याने गावांना जंगलावर हक्क दिले, त्यांचं पुढे काय, तेही प्रश्न आहेतच. ते आमच्या सहलीने सुटणार नाहीत. पण आपल्या जाण्याने कुणाचं ओझं वाढू नये, एवढं तर आपल्या हातात आहे ना? त्या मावशींचा पाऊण तास आम्हाला परत देता आला नाही. पुढचा मात्र वाया जाऊ द्यायचा नाही.

तिसऱ्या वर्षी त्या मावशी पुन्हा भेटल्या. त्याच नाल्यापाशी. आम्ही लांब, वरच्या सपाटीवर बसलो होतो. त्यांनी आम्हाला ओळखलं. जवळ आल्या, आमचे डबे पाहिले, पोतं पाहिलं. आम्ही दशमी पुढे केली. त्या बसल्या, खाल्ली, आणि मग आपल्या हंड्यातलं पाणी वाटीने काढून एकेकीला प्यायला दिलं. झिऱ्याचं पाणी. गार आणि गोड. त्यांनी काही म्हटलं नाही, आम्हीही नाही.

तर निघण्याआधी एवढं आठवा. खाणं घरचं आणि डब्यातलं. पाणी धातूच्या बाटलीत. कचऱ्याची पिशवी वेगळी, पाळीसाठी डबा वेगळा. खुरपं, ओढणी, बॅटरी, थोडी औषधं. गावातला वाटाड्या. साबण घरी, स्पीकर घरी, काडेपेटी घरी. कुठे जातोय आणि कधी परत येतोय, हे घरी सांगून निघायचं. अंधार पडायच्या आत पठारावर परत यायचं.

पाहुणी म्हणून जा मैत्रिणींनो. आपल्याकडे चांगल्या पाहुणीची खूण काय? ती गेल्यावर घरधनीण म्हणते, "पुन्हा या हं." तोरणमाळच्या बायकांनी आपल्याला तसं म्हणावं, असं वागू या.